रात्री अडीचला दार कोण उघडणार?

ताई, नमस्कार.

सिव्हिल हॉस्पिटलपासून पायी दहा मिनिटांवर आमचं जुनं दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं राहतो. खालच्याच मजल्यावर रस्त्याकडच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत, वर चार आहेत. वर जायला जिना बाहेरून. सासूबाई गेल्यापासून एवढं घर अंगावर येतं. ह्यांचं वय ६४, दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. नोकरी सूतगिरणीतली, त्यामुळे पेन्शन नावालाच.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, सहाही खोल्या महिन्याच्या भाड्याने द्या, २७,००० येतील, डोक्याला ताप नाही. समोरचे काका म्हणतात, वेडेपणा करू नका, पेशंटच्या नातेवाइकांना रोजावर द्या. खोलीला ५०० धरले तरी सहा खोल्यांचे दिवसाला ३,०००, महिन्याला ९०,०००! शिवाय गड्ड्याच्या यात्रेत आणि तुळजापूर-अक्कलकोटच्या गर्दीत दुप्पट. ह्यांच्या ओळखीचे आणखी एक गृहस्थ आहेत. त्यांचं म्हणणं, पूरबीर आला की सरकार लोकांना ठेवायला जागा घेतं, तुमचं घर त्या यादीत घालून देतो, रोजचे पैसे बसल्या जागी मिळतील. फक्त आधी थोडा खर्च येईल.

ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी अकरा रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चटईवर काढल्या. तिथल्या बायका अजून डोळ्यांपुढे येतात.

आम्हाला पैशांची गरज आहे. काय करू?

– तुमची एक वाचक, सोलापूर


वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पैशांना तुम्ही भरपूर जागा दिलीत आणि व्हरांड्याला दोन ओळी. मला मात्र वाटतं, पत्र त्या दोन ओळींसाठीच लिहिलं गेलंय. तिकडे मी येणार आहे, पण आधी काकांच्या ९०,०००चं काय ते बघू. हा आकडा एकदा डोक्यात शिरला की बाकी काही ऐकू येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आम्ही दोघांनी एका हॉस्पिटलजवळ आठ खोल्या रोजावर चालवल्या, चांगली नऊ वर्षं. आमच्याही हिशोबाची सुरुवात अशाच एका गुणाकाराने झाली होती.

त्या गुणाकारात चूक एकच आहे. त्यात महिन्याचे तीसही दिवस सहाही खोल्या भरलेल्या आहेत. तसं होत नाही. हॉस्पिटलला सीझन नसतो हे खरं, पण गिऱ्हाईक लाटेसारखं येतं. एका रात्री चौदा जण दारात उभे असतात आणि पुढचे चार दिवस कुत्रंही फिरकत नाही. सरासरी निम्म्या खोल्या भरल्या तरी ती चांगली म्हणायची. म्हणजे तीन खोल्या, ४५,०००. आता यातून जाणारे मोजा. रात्रीचा माणूस १०,०००. झाडलोट, फरशी, संडास करणारी बाई ६,०००. माणसं सरासरी दोन रात्री राहतात, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस वेळा खोली बदलते. दर खेपेला दोन खाटांच्या चादरी-अभ्रे, जोडीला ५० रुपये धुणावळ, झाले ४,५००. व्यापारी दराची वीज ६,०००. पाण्याचे टँकर २,५००. बल्ब, फिनेल, साबण, तुटलेले नळ, बिघडलेले फ्लश यांचे ३,०००. आणि बुडालेले २,०००. बेरीज ३४,०००. हातात ११,०००.

आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे हजार-दोन हजारांनी इकडेतिकडे होतील. रात्रीचा माणूस ठेवला नाहीत तर १०,००० वाचतील. मग रात्रीचा माणूस म्हणजे तुम्ही, किंवा बायपास झालेले भाऊजी. मुलाचे २७,०००सुद्धा दर महिन्याला नेमाने येणार नाहीत, मधे एखादी खोली महिनाभर रिकामी राहीलच. तरीसुद्धा काकांच्या ९०,०००तून हातात उरतात त्यापेक्षा ते जास्त आहेत, हे तुम्हाला आता दिसत असेल.

रात्रीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हा धंदा रात्रीचाच आहे. दिवसा येणारा माणूस चौकशी करतो, खोली बघतो, घासाघीस करतो. रात्री येणारा काहीच करत नाही, तो घाबरलेला असतो. सोलापूरला नुसते सोलापूरचे पेशंट येत नाहीत. धाराशिव-लातूरकडून येतात, पलीकडे विजयपूर, इंडी, कलबुर्गीपासून येतात. एकदा अडीच वाजता इंडीकडची एक जीप आली. म्हाताऱ्याला दाखल करून नऊ जण उतरले आणि एक खोली मागायला लागले. एकच! मी म्हटलं, दोन घ्या. ते म्हणाले, आम्ही झोपायला नाही आलो, बसायला जागा द्या. पहाटे पाचला उठून बघते तर खोलीत पाच किलोच्या सिलिंडरवर चहा चाललेला, आणि एवढ्याशा जागेत नऊ माणसं, दाराला आतून कडी. मला दरदरून घाम फुटला. २०२५च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जण गेले, मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. त्या दिवशी मला पहिली आठवली ती ही खोली. तुमच्या वरच्या चार खोल्यांना बाहेरचा तो एकच जिना आहे ना? मग वर रोज बदलणारी, घर न ओळखणारी आठ-दहा माणसं ठेवायचा विचार करताना त्या जिन्याकडे एकदा नीट बघा.

पाण्याचं तर विचारूच नका. उजनी काठोकाठ भरलेली असते आणि आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांत नळाचा वार पाठ होतो. तो बादल्या भरतो, टाकीत डोकावतो, गळका नळ तोच बदलून टाकतो. दोन रात्रींचा पाहुणा कर्नाटकातल्या गावाहून आलेला असतो, त्याला तुमच्या टाकीची काय कल्पना? तो नळ सोडून आंघोळीला बसतो. 'नीरु इल्ला' हे कन्नड मी पहिल्या आठवड्यात शिकले. आमच्याकडे कामाला येणारी बाई पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी, तिने 'नीळ्ळु लेवु' शिकवलं. पाणी नाही, हे मी नऊ वर्षं तीन भाषांत सांगत होते.

आणि चादरी. सोलापुरात राहून हे लिहायला जिवावर येतं, पण लॉजमध्ये सोलापुरी चादर घालू नका. अंगावर घ्यायला तिच्यासारखी दुसरी नाही, धुवायला मात्र हत्ती. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. आम्ही हौसेने चोवीस घेतल्या होत्या. त्यातल्या वीस शेवटी लेकीच्या लग्नात आहेर म्हणून निघाल्या.

आता कागदपत्रं. काका म्हणतील, दोन-चार खोल्यांना कोण विचारतंय. विचारत नाहीत, भांडण होईपर्यंत. रोजावर पैसे घेऊन माणसं ठेवली की ते घर राहत नाही, तो लॉज होतो. महापालिकेचा परवाना, पोलिसांकडे नोंद, घरपट्टी बिगरनिवासी दराने. आगीच्या बंदोबस्ताचा राज्याचा २००६चा कायदा आहे, त्याखाली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. घरगुती मीटरवर लॉज चालवलात आणि महावितरणचं पथक आलं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, तीही मागच्या महिन्यांची धरून. आमच्या शेजारच्या एकाला अशी एका फटक्यात दोन वर्षांची कमाई भरावी लागली. पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत रोजची रोज ठेवायची. कोणी परदेशी उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. जीएसटीची भीती मात्र बाळगू नका. काकांचा सगळ्यात सुंदर आकडा धरला तरी वर्षाला १०,८०,०००च होतात आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. पर्यटन खात्याची न्याहारी-निवास योजनाही आहे, मालक त्याच घरात राहत असेल तर तिथे नोंदणी होऊ शकते. पण ती पर्यटकांसाठी. सकाळी पोहे खाऊन किल्ला बघायला जाणारा पाहुणा वेगळा, आणि रक्ताची बाटली आणायला धावणारा वेगळा.

गड्डा आणि तुळजापूर-अक्कलकोटचं सोडून द्या. ती माणसं गाडी करून येतात, दर्शन घेतात, संध्याकाळी परत जातात. आमच्याकडे नऊ वर्षांत यात्रेकरू म्हणून उतरलेले लोक बोटांवर मोजण्याइतके.

त्या ओळखीच्या गृहस्थांचं काय करायचं? चहा द्या आणि वाटेला लावा. 'आधी थोडा खर्च येईल' हे वाक्य आलं की संभाषण तिथे संपवायचं. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, माढा-मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात गेली. लोकांना कुठे ठेवलं ते आपण पाहिलं. शाळांत, मंगल कार्यालयांत, देवळांत. कोणाच्या सहा खोल्या शोधत तहसीलदार फिरत नव्हते. वेळ आलीच तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आहे. त्याच्या कलम ६५ खाली प्रशासन लेखी हुकूम काढून जागा ताब्यात घेऊ शकतं आणि कलम ६६ खाली मोबदला मिळतो. तो ठरवताना त्या भागातलं भाडं बघतात, पटला नाही तर ३० दिवसांत लवादाकडे जाण्यासाठी अर्ज करता येतो. यात मधल्या माणसाला जागाच नाही. कोणी 'यादीत घालतो' म्हणून पैसे मागत असेल, तर ती यादी त्याच्या खिशातच असते.

तर मग मुलाचं ऐकायचं? बरंचसं. पण त्याचं 'डोक्याला ताप नाही' हे वाक्य खोडून टाका. ताप आहे, फक्त तो दिवसा येतो. वरच्या चार खोल्यांचे दोन-दोन खोल्यांचे दोन भाग करा. जिना बाहेरून आहेच, मीटर वेगळे घ्या. भाड्याने द्या हॉस्पिटलमधल्या सिस्टर किंवा ब्रदर लोकांना. पगार ठरलेला, हॉस्पिटल पायी दहा मिनिटांवर, आणि रात्रपाळीहून पहाटे येणाऱ्या माणसाला जिना न वाजवता चढायची सवय असते. दोन भागांचे ९,००० प्रमाणे १८,००० येतील. माणूस निवडताना पगाराची पावती बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा. 'तुम्ही कोण? खाणं काय?' हे दोन प्रश्न आपल्या गावात अजून पहिल्यांदा विचारले जातात. मला ते ऐकवत नाहीत आणि भाडं वसूल व्हायला त्यांचा कधी उपयोग झालेलाही मी पाहिलेला नाही.

करार मात्र नोंदवून घ्या. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. महाराष्ट्रात ती चूक आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही तर दंड ५,००० रुपयांपर्यंत, तुरुंगवास तीन महिन्यांपर्यंत. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करणं तुमच्यावर. नोंदलेला करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दिवाणी कोर्टात चपला झिजवाव्या लागत नाहीत, आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं लागतं. मुद्रांक शुल्क सगळ्या मुदतीच्या भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेवरचं व्याजही धरतात. शहरात नोंदणी फी १,०००. घरी बसून ऑनलाइन होतं, मुलगा पुण्याहून करून देईल. त्याला तेवढं तरी काम लावा! भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर भरायची, तेही त्यालाच सांगा. मिळकतकराचं लिहीत नाही, तुमच्या एवढ्या उत्पन्नात तो बसायचा नाही.

आता व्हरांडा.

आमच्याकडे एक मुलगा राहिला होता, तेवीस-चोवीसचा. बाप अतिदक्षता विभागात. पहिले सहा दिवस रोजच्या रोज पैसे देत होता. मग एक दिवसाआड. मग 'उद्या देतो काकू'. महात्मा फुले योजनेत पेशंटचे उपचार बसतात, पेशंटचं जेवण बसतं, नातेवाइकाची खोली कशातच बसत नाही. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन तो राहत होता. कडक भाकरी टिकते म्हणून आपण कौतुक करतो. ती किती दिवस टिकते ते मी त्याच्या पिशवीत पाहिलं. मी रोज ठरवायची, आज विचारायचं. तो हॉस्पिटलातून परत यायचा आणि त्याचं तोंड बघून मी म्हणायची, पाणी तापलंय, आंघोळ कर. ४१ दिवस राहिला. बाप गेला. पहाटे सामान घेऊन निघाला, पाया पडला. बिल राहिलं ते राहिलंच. त्याची राहिलेल्या दिवसांची खोली मी कुठल्याही वहीत लिहिली नाही, आणि तिथेच आमचं चुकलं. असे वर्षाला आठ-दहा जण असायचे. आमचा धंदा तोट्यात का जातोय हे आम्हाला कळायलाच चार वर्षं लागली, कारण तोटा कुठे लिहिलेलाच नव्हता.

माझ्या ओळखीचे एक जण आमच्या त्याच रस्त्यावर अजून लॉज चालवतात, चांगला चालवतात. पैसे आधी घेतात, सकाळी दहाला खोली खाली करायला लावतात. कोणी रडायला लागलं तर गल्ल्याकडे बघत राहतात. माणूस वाईट नाही, मुलगी शिकवली त्याने याच्यावर. पण तुम्ही तसं बघत राहू शकाल? ज्या बाईला व्हरांड्यातल्या बायका दोन वर्षांनी डोळ्यांपुढे दिसतात, तिने सकाळी दहाला दार वाजवून पैसे मागावेत, हे होणार नाही. तुम्ही द्याल सोडून. आणि न लिहिता द्याल.

म्हणून माझं म्हणणं असं, की दया करायचीच आहे तर तिची किंमत आधी ठरवा आणि वहीत लिहा. खालच्या दोन खोल्यांपैकी एक महिन्याच्या भाड्याने द्या, ४,५०० येतील. वरचे १८,००० मिळून झाले २२,५००. दुसरी खोली ठेवा व्हरांड्यासाठी. तिचे पैसे घेऊ नका, एक रुपयाही नाही. पैसे घेतलेत की लॉज झाला आणि वर लिहिलेली सगळी लांबण मागे लागली. ती खोली तुम्हाला महिन्याला ४,५००ला पडेल, मुलाच्या २७,०००मधून बरोबर तेवढेच कमी. हे भाऊजींना आणि मुलाला बसवून सांगा. 'एवढं आपल्याला परवडतं का?' असा सरळ प्रश्न टाका. नाही म्हणाले तर सहाही खोल्या भाड्याने द्या आणि व्हरांड्याकडे मन लावू नका, त्यात पाप नाही. पेन्शन खरंच नावालाच असेल तर वर्षभर तसंच करा, गाठीला काही बांधा, मग बघू.

हो म्हणाले तर चार गोष्टी आधी पक्क्या करा. फक्त बायका, बरोबर लहान मूल असेल तर चालेल. दोन खाटा, म्हणजे दोनच माणसं, तिसरीला नाही म्हणायचं. सात रात्री, आठवी नाही. यातलं शेवटचं तुम्हाला सगळ्यात जड जाईल. पण सातवर थांबला नाहीत तर ४१ होतात, आणि तेवढ्या दिवसांत आणखी पाच जणींना पाठ टेकता आली असती. चौथी गोष्ट, रात्री दहानंतर दार उघडायचं नाही. होय, मला कळतंय, नड अडीचलाच असते. पण ती अडीचची बेल भाऊजींच्या छातीवर वाजणार आहे. रात्र व्हरांड्यात काढलेल्या बाईला सकाळी सातला आंघोळीचं गरम पाणी आणि चार तास पाठ टेकायला खाट मिळाली, तरी ती दुसऱ्या दिवसाला उभी राहते. तुम्हाला त्या अकरा दिवसांत कोणी आंघोळीला जागा दिली होती का?

माणसं कुठून आणायची? रिक्षावाल्यांकडून नको, ते माणशी पैसे मागतात आणि पेशंटच्या माणसालाही लुबाडतात. सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक असतात. गरीब पेशंटची कागदपत्रं, योजना, मदत हे सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. कोण खरंच अडलंय ते त्यांना ठाऊक असतं. त्यांना भेटा, चिठ्ठी घेऊन येईल तिलाच ठेवू असं सांगा. पैसे घेत नसलात तरी नाव, गाव, आधारची प्रत आणि केसपेपरचा नंबर वहीत हवाच, आणि पोलीस ठाण्यात एक लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेऊन ठेवा. पेशंटला स्वतःला ठेवायचं नाही, फक्त सोबतच्या बाईला. डिस्चार्ज मिळालेला पेशंट 'दोन दिवस' म्हणून येतो आणि तिथेच त्याला धाप लागते.

एक प्रसंग मात्र तुमच्यावर येणार, तो आत्ताच सांगून ठेवते. दारात अशी बाई उभी राहील जिचा कोणी पेशंट नाही. अंगावर वळ असतील, काखेत मूल असेल. 'बायकांना ठेवतात' ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. तिला आत घ्या, पाणी द्या, दहा वाजून गेले असले तरी, आणि लगेच १८१ किंवा ११२ लावा. अशा बायकांसाठी सखी केंद्र असतं, तिथे पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय होते, पोलीस आणि वकीलही तिथूनच मिळतात. तुमच्या खोलीत तिला लपवून ठेवू नका. नवरा शोधत येतो, आणि दार भाऊजी उघडतात.

दिवाळीच्या आत वरचे भाडेकरू येऊ द्या. व्हरांड्याची खोली त्यानंतर दोन महिन्यांनी, २२,५००तून घर चालतंय असं दिसल्यावर. तोवर खालच्या टाकीचं झाकण बसवून घ्या आणि बाहेरच्या जिन्यावर दिवा लावा. खोलीत फार काही नको. पातळ चादरी सहा, दोन बादल्या, पिशवी अडकवायला खिळे. आणि वायरमन येईल तेव्हा मोबाइल चार्ज करायचा सॉकेट दोन्ही खाटांच्या उशाशी घ्या, दाराशी नको. व्हरांड्यात रात्रभर बायका त्यासाठीच भिंती चाचपत हिंडत असतात, तुम्हाला ठाऊक आहेच.